अदरकिन: एक शब्द आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या पिढ्या

अर्धविराम

दुसऱ्या एका धाग्यावर ‘थेरियन, अदरकिन, फरी सगळे एकच ना?’ असा प्रश्न आला आणि उत्तरादाखल नुसत्या स्मायल्या पडल्या. विषय टिंगलीच्या पलीकडे बराच मोठा आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आधी ढोबळ ओळख. आपण पूर्णपणे किंवा अंशतः माणूस नाही असं मनापासून मानणारे ते अदरकिन. कुणी स्वतःला एल्फ (युरोपीय लोककथांमधला परीलोकातला जीव) मानतं, कुणी ड्रॅगन, कुणी लांडगा. शरीर माणसाचं आहे हे बहुतेकांना मान्य असतं. वेगळेपण आत्म्यात किंवा मनात आहे असं त्यांचं म्हणणं. पृथ्वीवरच्या खऱ्या प्राण्यांशी ही ओळख जोडणारे थेरियन, आणि गोष्टी, अ‍ॅनिमे, गेम यांतल्या पात्रांशी जोडणारे फिक्शनकिन. फरी ही मात्र आवड आहे. माणसासारखे वागणारे प्राणी ज्यांना चित्रांत, गोष्टींत, पोशाखांत आवडतात त्यांचा तो चाहतावर्ग. काही जण दोन्हीकडे असतात, पण कोल्ह्याचा पोशाख घातलेल्या बहुतेक फरींना विचारलंत तर ते ‘मी माणूसच, हा माझा छंद’ असंच सांगतील.

१९७० च्या दशकात अमेरिकेत ‘एल्फ क्वीन्स डॉटर्स’ नावाचा छोटा गट होता. आपण एल्फ आहोत असं सांगणारी पत्रं ते टपालाने पाठवत. त्यातली काही ‘ग्रीन एग’ या निओपेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्म नव्याने पाळणाऱ्यांच्या, नियतकालिकात छापूनही आली. तेव्हा अदरकिन हा शब्द नव्हता. तो आला १९९० मध्ये, ‘एल्फिनकाइंड डायजेस्ट’ नावाच्या ईमेल यादीवर. केंटकी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एल्फ आणि इतर जिज्ञासूंसाठी ती सुरू केली होती, पण तिथे ड्रॅगन, ऑर्क आणि आणखी कोण कोण यायला लागले. दर वेळी सगळी नावं टंकायचा कंटाळा, म्हणून सगळ्यांना मिळून एक लहानसा शब्द. ज्यावरून पुढे तीस वर्षं भांडणं झाली तो शब्द टंकण्याच्या आळसातून आला, हे मला भारी आवडतं.

थेरियन मंडळींचा उगम वेगळाच. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर १९९२ मध्ये ‘ऑल्ट.हॉरर.वेअरवुल्व्ह्ज’ हा गट निघाला तो वेअरवुल्फच्या (लांडगा होणाऱ्या माणसाच्या) भयकथा आणि सिनेमे आवडणाऱ्यांसाठी. तिथे हळूहळू काही जण सांगू लागले की मला हे वाचायला आवडतं एवढंच नाही, मी आतून असाच आहे. चाहत्यांचा गट पाहता पाहता स्वतःबद्दल बोलणाऱ्यांचा गट झाला. म्हणजे एल्फ आले धर्माच्या आणि जादूच्या दारातून, लांडगे आले भयपटांच्या. दोन्हींचे संस्कार आजही वेगळे दिसतात.

आता माझा मुद्दा. ‘पूर्वीचे लोक गंभीर होते, आताच्या पोरांनी वाट लावली’ हा सूर या समूहातही जुन्या मंडळींकडून ऐकू येतो. जुनी संभाषणं वाचली की मला तसं दिसत नाही. अनुभवाचं वर्णन फारसं बदललेलं नाही: लहानपणापासूनचं परकेपण, नसलेल्या शेपटीचा किंवा पंखांचा भास, एखाद्या जिवाकडे पाहून ‘हे मीच’ असं वाटणं. बदलत गेलं ते भेटण्याचं ठिकाण. टपाल, ईमेल यादी, यूजनेट, फोरम, लाइव्हजर्नल, टम्बलर, डिस्कॉर्ड, टिकटॉक. प्रत्येक नव्या ठिकाणी नवे लोक येतात, जुना शब्द उचलतात आणि सैल वापरतात. मग जुने लोक स्वतःसाठी जास्त घट्ट शब्द घडवतात. काही वर्षांनी तोही सैल होतो.

पटत नसेल तर सांगा, त्यासाठीच धागा आहे.

खवचट_खार

सोमवारी सकाळी मी पूर्णपणे अस्वल असतो. कुठल्या यादीत नाव घालायचं?

अर्धविराम

@खवचट_खार, हसले. पण या समूहातल्या सगळ्यात जुन्या भांडणावर बोट ठेवलंत तुम्ही. मंगळवारी अस्वल असणं थांबवता येतं का? येत असेल तर तुम्ही अदरकिन नाही, असं बहुतेक जुने लोक म्हणतील. ओळख निवडता येत नाही, ती लक्षात येते, ही त्यांची कसोटी.

टम्बलरवर या कसोटीचा कस लागला. कठीण काळ निभावण्यासाठी काही जण ठरवून एखाद्या प्राण्याशी किंवा पात्राशी स्वतःला जोडून घेत आणि त्याला ‘कोपिंगकिन’ म्हणत. त्यावर गदारोळ झाला: किन ही निवड नाही, आमचा प्रत्यय वापरू नका. शेवटी शब्द झाला ‘कोपिंगलिंक’. ‘लिंक’ म्हणजे स्वतःहून जोडलेलं, ‘किन’ म्हणजे आपोआप असलेलं. ‘मी लांडगा आहे’ असं नव्हे तर ‘लांडगे माझे सगेसोयरे आहेत’ असं वाटणाऱ्यांसाठी ‘अदरहार्टेड’ निघाला. या सगळ्यांना, शिवाय एका शरीरात अनेक व्यक्ती मानणाऱ्यांनाही सामावणारी मोठी छत्री म्हणून २०१४ मध्ये टम्बलरवरच ‘ऑल्टरह्यूमन’ हा शब्द घडवला गेला. तो टिकला. मला वाटतं तो टिकण्याचं एक कारण असं की त्यात कुणालाच ‘तू खरा की खोटा’ हे विचारावं लागत नाही.

बोरूबहाद्दर

मस्त धागा. १९९५ सालच्या दोन गमती घालतो.

पहिली: ६ फेब्रुवारी १९९५ ला यूजनेटच्या ‘ऑल्ट.पेगन’, ‘ऑल्ट.मॅजिक’ वगैरे गटांवर ‘एल्व्हन नेशन मॅनिफेस्टो’ नावाचा जाहीरनामा पडला. लोकांनी त्याची यथेच्छ धुलाई केली. कुणी म्हणालं हा काडी टाकण्याचा प्रकार आहे, कुणी म्हणालं भलत्याच माणसाला अडकवण्यासाठी त्याच्या नावावर टाकलाय. तरीही इतक्या जणांनी लेखकाशी मनापासून संपर्क साधला की त्यातून वेगळी ईमेल यादी उभी राहिली. थट्टेच्या गदारोळातही आपलं माणूस शोधणारे किती होते ते यावरून कळतं.

दुसरी: त्याच वर्षी व्हाइट वुल्फ कंपनीने ‘चेंजलिंग: द ड्रीमिंग’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ काढला. माणसाच्या शरीरात परीलोकातला आत्मा, अशी त्याची मूळ कल्पना. त्यावर काम केलेले रिच डान्स्की सांगतात की ‘डार्कफे’ नावाच्या ईमेल यादीवर वाद पेटला: या खेळवाल्यांना आमचं आयुष्य इतकं अचूक कसं कळलं? शेवटी एकाने निष्कर्ष काढला की ते स्वतःच चेंजलिंग असणार. डान्स्की यांनी नम्रपणे नाही म्हटलं.

पण अर्धविरामताई, भेटण्याचं ठिकाण, म्हणजे ‘दार’ बदललं, या तुमच्या सिद्धान्तात एक भोक आहे. २००० च्या आसपास ‘ओटाकुकिन’ आले, म्हणजे अ‍ॅनिमे-मांगामधल्या पात्रांशी ओळख सांगणारे. २००१ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मधल्या अदरकिनवरच्या लेखातही त्यांचा उल्लेख आहे. ते काही नव्या दारातून आले नव्हते. त्याच याद्या, तेच फोरम. तरी ‘हे आमच्यातले नाहीत’ म्हणून ओरड झालीच. म्हणजे भांडण तंत्रज्ञानाचं नव्हे, प्रतिष्ठेचं. एल्फ म्हणणार आम्ही लोककथांमधले, तुम्ही कार्टूनमधले. आणि म्हणणारे कोण? ज्यांच्या एल्फांची उंची, देखणेपण आणि दीर्घायुष्य विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांमधून आलंय ते!

अर्धविराम

@बोरूबहाद्दर, भोक मान्य आहे असं अर्ध्या मनाने म्हणते. ‘ओटाकुकिन’ जाऊन पुढे ‘फिक्शनकिन’ हा रुळला, आणि आता तर फिक्शनकिनना बाहेर काढा म्हणणाराच मागासलेला ठरतो. प्रतिष्ठेची रांग असतेच. प्रत्येक नवा गट तिच्या शेवटी उभा राहतो आणि आणखी नवा आला की एक पायरी वर सरकतो. पण त्यांची संख्या वाढण्यामागे दार आहेच. इंटरनेट स्वस्त झालं, अ‍ॅनिमे जगभर पोचलं आणि वय खाली आलं. एल्फांच्या ईमेल यादीवर विद्यापीठातले लोक होते कारण तेव्हा इंटरनेटच तिथे होतं.

मनोगती

मानसशास्त्राच्या अंगाने थोडं लिहितो, कारण ‘हा आजार आहे का’ हा प्रश्न इथे येणारच.

‘क्लिनिकल लायकॅन्थ्रोपी’ नावाची एक दुर्मीळ अवस्था वैद्यकीय साहित्यात आहे. आपलं प्राण्यात रूपांतर झालंय किंवा होतंय असा भ्रम, बहुधा एखाद्या मोठ्या मानसिक आजाराचा भाग म्हणून. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात अमेरिकेतल्या मॅकलीन रुग्णालयातल्या अशा १२ रुग्णांची नोंद आहे. त्यात भ्रम एका दिवसापासून १३ वर्षांपर्यंत टिकल्याचं दिसतं. थेरियन लोकांचं वर्णन यात बसत नाही. आरशात माणूस दिसतो हे त्यांना ठाऊक असतं, आणि आपलं म्हणणं लोकांना विचित्र वाटणार हेही. वास्तवाशी संबंध तुटणं ही भ्रमातली कळीची गोष्ट, ती इथे नाही. अदरकिन किंवा थेरियन असं कुठलंही निदान डीएसएम आणि आयसीडी या आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये नाही.

इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये थेरियन लोकांच्या सविस्तर मुलाखतींवर आणि २०१९ मध्ये प्रश्नावल्यांवर आधारलेलं काम प्रसिद्ध केलं. दुसऱ्या कामात ऑटिझम आणि स्किझोटायपी यांच्या मापांवर थेरियन लोकांचे गुण तुलनेतल्या गटापेक्षा जास्त आले. म्हणून ते आजारी ठरत नाहीत. स्किझोटायपी हा विलक्षण अनुभव आणि विचारांकडे झुकणारा व्यक्तिमत्त्वाचा कल आहे, निदान नव्हे. शिवाय प्रश्नावली भरायला जे पुढे येतात त्यांच्यावरून सगळ्या समूहाबद्दल बोलताना जपून बोलावं.

धर्माच्या अभ्यासकांनी वेगळ्या बाजूने पाहिलं. जोसेफ लेकॉक यांनी २०१२ मध्ये ‘नोव्हा रिलिजिओ’ या नियतकालिकात अदरकिनवर लेख लिहिला. अर्थ लावण्याची एक पर्यायी चौकट हा समूह आपल्या सभासदांना देतो, असा त्यांचा रोख. मला तो पटतो. ‘मी असा का?’ या प्रश्नाचं उत्तर माणूस हाताशी असलेल्या भाषेतून शोधतो. नव्वदच्या दशकात ही भाषा पुनर्जन्म आणि आत्म्याची होती. आज ती मेंदूच्या जडणघडणीची आहे.

शेपूट_नसलेली

बरेच दिवस वाचनमात्र होते. या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण मी थेरियन आहे. प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त भुंकून दाखव असं म्हणू नका.

मनोगती, तुमचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘अवेकनिंग’ असायचं. म्हणजे आत्मा झोपलेला होता, तो जागा झाला. मी या समूहात आले तेव्हा तो शब्द मागे पडला होता, आम्ही ‘क्वेश्चनिंग’ म्हणायचो. हा शब्द उघडच लैंगिक अल्पसंख्याकांच्या चळवळीतून आलेला. एका शब्दात साक्षात्कार आहे, दुसऱ्यात तपासणी. मला दुसरा बरा वाटतो कारण त्यात ‘नाही, मी चुकीचा प्राणी समजत होते’ असं म्हणायची मोकळीक आहे. नव्या माणसाला मात्र जुन्या फोरमांवर तपासणीच्या नावाखाली ‘ग्रिलिंग’ सोसावं लागे. कधीपासून वाटतं, कशावरून लांडगाच, कुत्रा का नाही, हा भास आहे की इच्छा, अशी प्रश्नांची सरबत्ती. काहींना त्यातून खरंच स्पष्टता आली. काही रडून निघून गेले आणि परत फिरकले नाहीत.

अनुभव काय असतो म्हणाल तर माझ्यापुरतं सांगते. शेपटीचा भास होतो. फँटम लिंब म्हणतात तो. खुर्चीत टेकून बसताना तिला बाजूला घ्यावंसं वाटतं. कधी कधी मेंटल शिफ्ट होते. विचार शब्दांतून यायचे थांबतात, वास आणि आवाज पुढे येतात. त्यातही मी कोण, कुठे आहे हे माहीत असतं, रस्ता ओलांडताना सिग्नल पाळते. माझं कारण काय, आत्मा की मेंदू, हे मी ठरवलेलं नाही. आमच्यातल्या पुष्कळांनी ठरवलेलं नसतं आणि त्यावाचून अडतही नाही.

आता ‘किनी’ म्हणवणाऱ्या नव्या मुलांबद्दल. २०१९-२० च्या सुमारास टिकटॉक आणि ट्विटरवर ‘किन’ हे क्रियापद झालं. ‘आय किन अमुक’ म्हणजे मला ते पात्र माझ्यासारखं वाटतं किंवा नुसतंच आवडतं. आवडत्या पात्रांच्या ‘किन लिस्ट’ बनू लागल्या. मजेसाठी किन म्हणणाऱ्यांना आमच्यात ‘केएफएफ’ म्हणतात, ‘किन फॉर फन’. त्या मुलांचा मला राग नाही. त्यांनी हा शब्द एकमेकांकडून ऐकला, आमच्याकडून नाही. त्यामागे कुणी आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्याचा परिणाम असा झाला की मी ‘फिक्शनकिन’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला शोधायला गेले तर हजारो आवडीच्या याद्या दिसायच्या आणि ती कुठेच नाही.

सरळरेघ

सगळं वाचलं. कुणाला दुखवायचं नाही, पण एवढा शब्दांचा पसारा कशाला? किन, लिंक, हार्टेड, थेरियन, ऑल्टरह्यूमन... मूठभर लोक आणि पोतंभर संज्ञा. ज्याला जे वाटतं ते वाटू दे, प्रत्येक छटेला नाव दिलंच पाहिजे का? नाव दिलं की ती छटा आणखी घट्ट होते, आणि ज्याचं आपोआप विरून गेलं असतं तोही त्याला चिकटून बसतो, अशी मला शंका आहे.

शेपूट_नसलेली

@सरळरेघ, शंका रास्त आहे. नावामुळे चिकटून बसलेले मी पाहिलेत. नाव मिळाल्यामुळे शांत झालेले त्याहून जास्त पाहिलेत, पण ते माझ्या ओळखीचे, तेव्हा त्याला पुरावा म्हणत नाही.

पसाऱ्याचं कारण मात्र तुम्हाला वाटतं त्याहून रुक्ष आहे. टम्बलरवर तेव्हा फोरमसारख्या खोल्या नव्हत्या, तिथे टॅगच असायचा. तोच पत्ता. फोरमवर ‘इथे थेरियन बोलतात’ अशी पाटी असली की शब्दाची व्याख्या सैल असली तरी चालून जायचं, कारण नियामक होते, जुने लोक होते. टॅगला दार नसतं आणि दारवानही नसतो. टॅग दुसऱ्यांनी भरून गेला की पत्ता हरवतो, मग नवा शब्द शोधायचा. तुम्हाला छटा दिसतात, आम्हाला ते पत्ते बदलणं वाटतं. फिक्शनकिनमध्ये ‘डबल्स’ हा शब्द आहे. तेच पात्र आपण आहोत असं मानणारा दुसरा माणूस. ‘डबल्सनी दूर राहावं’ असं काही जण आपल्या पानावर लिहून ठेवतात. ईमेल यादीच्या काळात असा शब्द लागलाच नसता, कारण तेच पात्र असलेली दुसरी व्यक्ती भेटणंच मुश्कील.

अर्धविराम

हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं नेमकं आहे. बोरूबहाद्दर, बघा, दाराचा सिद्धान्त पुन्हा उभा राहिला की नाही!

बोरूबहाद्दर

लंगडत उभा राहिला. :) टॅग व्हायच्या आधीची ओटाकुकिनची हकालपट्टी अजून तशीच आहे. पण शेपूटताईंचा प्रतिसाद आवडला.

दोन_लेकींचा_बाप

माझी धाकटी बारा वर्षांची. कागदाचा मांजराचा मुखवटा बनवून, दोरीची शेपटी लावून चार पायांवर उड्या मारते. ‘बाबा, मी थेरियन’ म्हणाली. तिच्या मैत्रिणीही तेच करतात. हा खेळ आहे की तुम्ही वर लिहिलंय ते? काळजी करावी का?

मनोगती

@दोन_लेकींचा_बाप, बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आजच उत्तर लागत नाही, आणि तिलाही लागत नाही. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास, हसणं-खेळणं नीट चाललंय का ते पाहा. ते नीट असेल तर मुखवटा असू दे. ती एकटी पडतेय, कुणी छळतंय किंवा ऑनलाइन अनोळखी मोठी माणसं तिच्याशी बोलतायत असं दिसलं तर लक्ष घाला. मुखवट्यापेक्षा हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं. आणि तिची टिंगल घरात तरी होऊ देऊ नका.

शेपूट_नसलेली

काका, चार पायांवर धावण्या-उड्यांना ‘क्वाड्रोबिक्स’ म्हणतात आणि तो व्यायामप्रकार आहे. जपानच्या केनिची इतो यांनी २०१५ मध्ये हातापायांवर १०० मीटर १५.७१ सेकंदांत पार केले आणि गिनेसमध्ये विक्रम नोंदवला. त्यांनी माकडांच्या चालीचा अभ्यास केला, पण ते काही थेरियन नव्हेत. उलट मी थेरियन आहे आणि मला क्वाड्रोबिक्स अजिबात जमत नाही. टिकटॉकवर मुखवटा, शेपटी आणि उड्या हेच थेरियनपण असं चित्र तयार झालं, कारण व्हिडिओत ते दिसतं. मेंटल शिफ्टचा व्हिडिओ कसा काढणार? मनगटं जपायला सांगा तिला. गवतावर किंवा मऊ जागेवर करू दे, फरशीवर नको.

खवचट_खार

आणि शाळांमध्ये मांजरांसाठी वाळूचे ट्रे ठेवतात ते? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

बोरूबहाद्दर

ते धादांत खोटं आहे आणि त्याचा प्रवास वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मिडलंडच्या शाळा मंडळाच्या सभेत डिसेंबर २०२१ मध्ये कुणीतरी हा दावा केला. जानेवारीत तिथल्या शिक्षण अधीक्षकांनी जाहीरपणे ‘असं काहीही नाही’ म्हणून सांगितलं. तरी २०२२ च्या निवडणुकीच्या वर्षात किमान २० राजकारण्यांनी तेच वेगवेगळ्या ठिकाणांबद्दल म्हटल्याचं एनबीसी न्यूजने मोजलं. एकही दावा खरा निघाला नाही. कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीच्या शाळांमध्ये मांजरांची वाळू सापडली खरी, पण ती आणीबाणीच्या बादल्यांमध्ये होती. शाळेत बंदूकधारी शिरला आणि मुलांना वर्गात कोंडून बसावं लागलं तर लघवीची सोय म्हणून. अफवेपेक्षा खरी गोष्ट जास्त भयानक.

मार्च २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात शाळांमधल्या ‘अमानवी वर्तना’वर बंदी घालणारं विधेयक मांडलं गेलं; नावाची आद्याक्षरं जुळवून ‘फरीज’ होतील अशी काळजी घेऊन! रशियात २०२४ च्या शरद ऋतूत ‘क्वाड्रोबर’ मुलांवरून राजकारण्यांनी आरडाओरडा केला आणि बंदीची मागणी झाली. फरी, थेरियन आणि उड्या मारणारी पोरं यांची सगळी भेळ. दहा वर्षांपूर्वी टम्बलरवरच्या किशोरांची थट्टा करायला ‘अदरकिन’ हा शब्द शिवीसारखा वापरत. तेव्हा निशाण्यावर ट्रान्सजेंडर लोकच असत, अदरकिन हे निमित्त. आताही मला तेच दिसतं.

सरळरेघ

बंदीबिंदी मूर्खपणा आहे हे मान्य. माझा प्रश्न वेगळा. ‘शरीर माणसाचंच आहे’ असं वर दोन-तीनदा आलंय. तसं न मानणारे कुणीच नाहीत का?

अर्धविराम

आहेत, आणि हा समूहाचा सगळ्यात दुखरा भाग. यूजनेटच्या काळापासून ‘पी-शिफ्टर’ हा शब्द आहे: मी शरीराने खरोखर लांडगा होतो असा दावा करणारा. अशा काहींनी स्वतःभोवती ‘पॅक’ (लांडग्यांसारखा कळप) जमवून कोवळ्या वयाच्या मुलांना नादी लावलं, ‘मी तुलाही शिकवतो’ म्हणून ताब्यात ठेवलं. म्हणून जुने थेरियन त्यांच्यावर तुटून पडायचे आणि ‘आमचं सगळं मनात आहे’ हे ठासून सांगायचे. बाहेरच्यांना शहाणं वाटावं हाही हेतू होताच.

अलीकडे मात्र ‘मी शारीरिकदृष्ट्याही माणूस नाही’ असं म्हणणारे काही जण आहेत, ‘होलोथेअर’ हा शब्द त्यातलाच. रूप बदलतं असं ते म्हणत नाहीत. या शरीराला तुम्ही माणसाचं म्हणता, मी म्हणत नाही, असं काहीसं. त्यांचं म्हणणं की जगाने तुम्हाला वेडं म्हणू नये म्हणून तुम्ही आम्हाला वेडं म्हणता. या वादात माझं मत अजून ठरत नाही. दुसऱ्याच्या शरीराबद्दलच्या शब्दावर पोलिसगिरी करू नये हे पटतं. पण ‘पॅक’च्या गोष्टी वाचल्या आहेत, त्यामुळे कुणी लहान मुलांना शारीरिक रूपांतराचं आमिष दाखवत असेल तर तिथे सौम्यपणा दाखवायची माझी तयारी नाही.

शेपूट_नसलेली

इथे मी अर्धविरामताईंपेक्षा कडक आहे. डॉक्टरकडे गेल्यावर माझं शरीर माणसाचं आहे आणि औषधाची मात्रा त्याच हिशोबाने द्यायची आहे. बाकी शब्द कुणी काहीही वापरोत.

मनोगती

+१

जुनं_दप्तर

उशिरा आलो. एक मुद्दा राहिलाय असं वाटतं: हे सगळं कळणार कुठून? मोफत संकेतस्थळं देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं आणि घरगुती संकेतस्थळांची अख्खी पिढी गेली. थोडंफार लोकांनी वाचवलं. याहू ग्रुप्सवरची जुनी संभाषणं २०१९-२० मध्ये पुसली गेली, २०२० च्या अखेरीला सेवाच बंद. त्यात अदरकिनच्या कितीतरी याद्या होत्या. आता चर्चा डिस्कॉर्डवर, म्हणजे बाहेरून शोधताही येत नाही आणि मालकाने सर्व्हर उडवला की संपलं. २००७ मध्ये ‘अ फील्ड गाइड टू अदरकिन’ नावाचं पुस्तक आलं होतं. पुढे लेखिकेला ही ओळख आपली वाटेनाशी झाली आणि तिने ते बाजारातून काढून घेतलं. ओळख सोडून गेलेल्यांचं म्हणणं तर कुणीच नोंदवत नाही. सरळरेघ यांच्या शंकेचं उत्तर खरं तर या सोडून गेलेल्यांकडेच मिळेल.

समूहातल्याच काही जणांनी चिकाटीने कालानुक्रमे नोंदी जमवल्या आहेत, म्हणून १९९० चं साल तरी आपल्याला सांगता येतं.

अर्धविराम

@जुनं_दप्तर, सोडून गेलेल्यांचा मुद्दा फार मोलाचा. त्यावर कुणी लिहिणार असेल तर वेगळा धागा काढा, मी येते. तुम्ही जुनं काही वाचलंय का? यूजनेटवरचं अजून मिळतं ना?

जुनं_दप्तर

मिळतं. गूगल ग्रुप्सने फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवर नवं लिहिणं बंद केलं, पण जुना साठा वाचता येतो. सगळ्यात जुनं माध्यम सगळ्यात जास्त टिकलंय. फक्त नव्वदच्या सुरुवातीचं शोधायचं असेल तर ‘थेरियन’ टाकून काही हाती लागणार नाही. तेव्हा ते स्वतःला ‘वेअर’ म्हणायचे, कधी ‘लायकॅन्थ्रोप’. ‘थेरियनथ्रोप’ नंतर आला, कारण सगळेच काही लांडगे नव्हते. प्रत्यक्ष भेटींसाठी ‘हाउल’ हा शब्द टाका. १९९४ पासूनचे वृत्तान्त सापडतील: कोण कुणाच्या गाडीतून आलं, तंबू कुणी आणले वगैरे. मी तिथूनच सुरुवात केली होती.